सीमाभाग आणि 'शक्यता' या शब्दाचे तीन अर्थ

आम्ही गोंयकार चोर्ला घाट चढून बेळगावला जातो, तेव्हा मराठी मंडळींशी बोलताना सीमाप्रश्न निघतोच. मग कुणीतरी विचारतो, "निकाल आपल्या बाजूने लागण्याची शक्यता किती?" एक म्हणतो फिफ्टी-फिफ्टी, दुसरा म्हणतो शून्य. दोघे 'शक्यता' हा शब्द एकाच अर्थाने वापरतात का, असा प्रश्न मला पडतो. संख्याशास्त्रात तो जुनाच आहे.

पहिला अर्थ फाशांचा, लाप्लासने १८१२ साली मांडलेला. सगळे पर्याय सारखेच संभवनीय असतील, तर अनुकूल पर्याय भागिले एकूण पर्याय. दावेदार दोन, म्हणून निम्मे-निम्मे. पण केंद्रशासित प्रदेश हा तिसरा पर्याय धरला की लगेच एक तृतीयांश! उत्तर वाटणी कशी पाडता यावर अवलंबून. गंमत म्हणजे सीमावादाचा गाभाही तोच आहे : मोजायचा घटक कोणता, खेडे, तालुका की जिल्हा? १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला.

दुसरा अर्थ वारंवारतेचा, जॉन व्हेनने १८६६ साली विस्ताराने मांडलेला. निपाणीचा तंबाखूवाला शेतकरी पावसाबद्दल असेच बोलतो. गेल्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा मृगात पडला. पण १ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झालेला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला हा वाद एकदाच घडणारा. मोजायला मालिकाच नाही. आमचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तिच्यात धरावा? तिथे लोकांनी मत दिले आणि विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. बेळगावला असा कौल मिळालाच नाही.

तिसरा अर्थ विश्वासाचा : हाती असलेल्या पुराव्यावरून एखाद्या विधानावर किती विश्वास ठेवणे रास्त? हॅरॉल्ड जेफ्रीज यांचा १९३९ चा ग्रंथ याच वाटेचा. निपाणीच्या शेजारच्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला त्यांचेच विद्यार्थी. पुढे १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला.

सीमाप्रश्नाला हाच अर्थ लागू पडतो, पण त्याची अट कडक आहे. आकडा सांगणाऱ्याने पुरावा सांगावा आणि नवा पुरावा आला की आकडा बदलावा. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, तेव्हा किती जणांनी आपला आकडा बदलला?

सत्तरीचे आजोबा "होणारच" म्हणतात, तो निर्धार आहे, शक्यता नव्हे. निर्धाराला मी नमस्कार करतो. त्यावरच चळवळ इतकी वर्षे टिकली. पण नातवाला मराठी शाळेत घालायचे की कन्नड, हे ठरवणाऱ्या आईने निर्धार आणि शक्यता वेगवेगळ्या तोलाव्यात. निकाल कसाही लागला तरी मुलाचे अडू नये, एवढा विचार तर तिला आजच करावा लागतो.