गर्भपात करायला डॉक्टर कसे शिकले

१८६०च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. कलम ३१२ प्रमाणे गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि पोटातल्या गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतः पोट पाडणारी बाईही त्याच कलमाखाली आरोपी ठरे. सूट एवढीच होती, की बाईचा जीव वाचवण्याच्या शुद्ध हेतूने गर्भपात केला तर तो गुन्हा नव्हता. त्यामुळे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले असले, तरी तिथे काय किंवा देशातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांत काय, विद्यार्थ्यांना गर्भपात भेटे तो मुख्यतः न्यायवैद्यकाच्या तासाला.

ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक असलेले आय. बी. लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतासाठी न्यायवैद्यकाचे पुस्तक लिहिले. १९२० मध्ये जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावरच घडल्या. अशा पुस्तकांत गर्भपाताचे प्रकरण विषांच्या आणि जखमांच्या शेजारी असे. गर्भाशयात घालायची काडी, तिच्या टोकाला गुंडाळलेला कापूस, त्याला लावलेले बिब्ब्याचे तेल किंवा रुईचा चीक, लाल चित्रकाचे मूळ, कण्हेर या सगळ्यांचे वर्णन विद्यार्थी पाठ करत. गर्भाशयाच्या मुखावरची इजा, चिकाने भाजलेली त्वचा, ओटीपोटात पसरलेला पू या खुणा ओळखायला ते शिकत. मरण कशाने आले हे डॉक्टरला सांगता यावे, एवढीच त्या शिक्षणाची अपेक्षा होती. ते मरण टळले कसे असते, हा प्रश्न त्यात नव्हता.

काडी घालणाऱ्या सुइणी आणि वैदू यांच्याकडे बायका का जात, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक होते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते दिवस गेलेल्या विधवांसाठी. तिथे गुपचूप बाळंत होण्याची सोय होती, आणि त्या काळात तेवढेही फार मोठे धाडस होते. गर्भपाताची सुरक्षित वाट मात्र कोणत्याच दवाखान्यात खुली नव्हती.

तरीही डॉक्टरांच्या हातांना हे काम शिकावेच लागले, आणि ते शिकले बिघडलेल्या गर्भपातांवर. रक्तस्राव थांबत नाही, ताप चढलेला आहे, अर्धवट गर्भ आत राहिला आहे अशा अवस्थेत बायका सरकारी रुग्णालयांत येत. गर्भाशयात उरलेला भाग काढला नाही तर त्या वाचत नसत. हे काम स्त्रीरोग विभागातल्या कनिष्ठ डॉक्टरकडे येई. गर्भाशयाचे मुख धातूच्या सळ्यांनी हळूहळू रुंद करायचे आणि क्युरेट नावाच्या लांब दांड्याच्या, कडा धारदार असलेल्या हत्याराने आतली भिंत खरवडायची ही पद्धत तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली आत्मसात करे. रुग्ण तिला ‘क्युरेटिन’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणत आले आहेत. म्हणजे गर्भपाताचे कौशल्य वॉर्डात आधीपासून होते. कायद्याने ते फक्त दुसऱ्याने केलेले नुकसान निस्तरण्यापुरते वापरू दिले होते.

बदलाची सुरुवात १९६४ मध्ये झाली. केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्याकडे दिले. डिसेंबर १९६६ मध्ये समितीने अहवाल दिला. ५० कोटी लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम घडवून आणले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. हा आकडा गृहीतकांवर उभा होता, मोजणीवर नव्हे. पण कायदा असूनही गर्भपात थांबलेले नाहीत आणि ते अडाणी हातांनी होत आहेत, हे समितीचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. त्यातूनच १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

या कायद्याकडे सहसा स्त्रीच्या हक्काच्या किंवा लोकसंख्येच्या अंगाने पाहिले जाते. त्याची रचना पाहिली तर तो आधी डॉक्टरांविषयीचा कायदा आहे. दंड संहितेतला गुन्हा त्याने रद्द केला नाही. ठरावीक कारणासाठी, ठरावीक जागी आणि ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरने गर्भपात केला तर तो डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढेच त्याने सांगितले. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे होते, बारा ते वीस आठवड्यांसाठी दोघांचे. आणि ‘नोंदणीकृत डॉक्टर’ची व्याख्या करताना पदवी व नोंदणी यांच्या जोडीला स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातला अनुभव किंवा प्रशिक्षण हवे, अशी अट घातली. दुसऱ्या कोणत्या शस्त्रक्रियेसाठी शिक्षणाची अट अशी थेट कायद्यात लिहिलेली क्वचितच सापडेल. ज्याला शिकायला मिळाले नाही, त्याने गर्भपात केला तर तो फौजदारी गुन्हा. म्हणून खेड्यातल्या बाईला कायद्याचा उपयोग होणार की नाही, हे तिच्या तालुक्यातल्या डॉक्टरला कुठे शिकायला मिळाले यावर ठरू लागले.

किती शिकायचे, हे नियमांनी ठरवले. १९७२चे नियम किचकट होते. डॉक्टर आणि जागा या दोहोंच्या मान्यतेत वेळ जाई. १९७५ मध्ये ते सुटसुटीत झाले. कायदा येण्याआधीच नोंदणी झालेल्या डॉक्टरला स्त्रीरोग-प्रसूतीतला तीन वर्षांचा अनुभव पुरे होता. नंतर आलेल्याला या शाखेत सहा महिन्यांची हाउसमनशिप किंवा रुग्णालयातला वर्षभराचा अनुभव लागे, किंवा पदव्युत्तर पदवी अथवा पदविका. यांतले काहीच नसलेल्या एमबीबीएस डॉक्टरसाठी एक वाट ठेवली होती: सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत पंचवीस गर्भपातांना मदतनीस म्हणून उभे राहायचे. मात्र नुसते शेजारी उभे राहून हात तयार होत नाही. २००३च्या नियमांनी त्या पंचवीसपैकी निदान पाच स्वतः केलेले हवेत असे घातले, आणि या वाटेने आलेल्या डॉक्टरला बारा आठवड्यांपर्यंतचीच मुभा दिली. ही दुरुस्ती तीस वर्षे आधी व्हायला हवी होती.

सुरुवातीच्या वर्षांत शिकवले जाई ते ओळखीचे क्युरेटिंगच. भूल देऊन, शस्त्रक्रियागृहात, धारदार हत्याराने. बारा आठवड्यांच्या पुढे गर्भाच्या भोवतालच्या पाण्यात मिठाचे तीव्र द्रावण सोडत, किंवा गर्भाशयात, गर्भाभोवतीच्या पडद्याबाहेर, इथॅक्रिडीन लॅक्टेट हे औषध भरत. काही वेळा पोट उघडून गर्भाशय कापत. यांतल्या प्रत्येक पद्धतीत धोका होता. द्रावण रक्तात गेले तर जिवावर बेते, आणि क्युरेटने गर्भाशयाला भोक पडले की आतडे दुखावण्याची भीती.

याच सुमारास जगात दुसरे तंत्र रुजत होते. १९५८ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी निर्वात पंपाने गर्भ ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपमार्गे पश्चिमेला पोचली. पुढे अमेरिकेत हार्वी कार्मन याने लवचीक प्लॅस्टिकची नळी वापरात आणली. तिच्यामुळे मुख फार रुंद करावे लागत नसे आणि भोक पडण्याचा धोकाही घटला. मग आले हाताने चालवायचे साधन: साठ मिलिलिटरची मोठी सिरिंज, तिला झडप आणि पुढे ही नळी. वीज नको, मोठी यंत्रणा नको, पूर्ण भूल नको. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रातला दिवा दिवसातून अनेकदा जाई, त्या देशाने हे साधन सर्वांत आधी शिकवायला हवे होते. पण शिकवणारे प्राध्यापक क्युरेटवर वाढलेले होते आणि विद्यार्थी तेच उचलत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३च्या मार्गदर्शक पुस्तिकेत क्युरेटिंगच्या जागी निर्वात पद्धत आणावी असे स्पष्ट सांगितले, तरी भारतातल्या कित्येक रुग्णालयांत क्युरेट टेबलावरून हलला नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१० मध्ये सर्वंकष गर्भपात सेवेच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. सुमारे दोन आठवड्यांच्या या प्रशिक्षणात हत्यार हातात येण्याआधी बरेच काही शिकायचे असते. आधी बाईशी बोलणे: शेवटची पाळी कधी आली, आधीची बाळंतपणे, औषधांची ॲलर्जी, आणि हा निर्णय तिचा स्वतःचा आहे ना. अठरा वर्षांवरील बाईच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही, हे नव्या डॉक्टरला मुद्दाम सांगावे लागते, कारण रुग्णालयांतली रीत अनेकदा उलटी असते. एके काळी सरकारी रुग्णालयांत गर्भपातासोबत तांबी किंवा नसबंदी स्वीकारण्याचा आग्रह धरला जाई. कुटुंबनियोजनाच्या लक्ष्यांतून आलेली ती सवय मोडणे हाही आता प्रशिक्षणाचा भाग आहे.

त्यानंतर दोन्ही हातांनी करायची तपासणी. एक हात आतून, दुसरा ओटीपोटावर, आणि मधल्या गर्भाशयाचा आकार किती आठवड्यांचा आहे, ते पुढे झुकले आहे की मागे, हे बोटांनी ओळखायचे. सगळ्यात कठीण भाग हाच, आणि तो पुस्तकातून येत नाही. झुकाव चुकीचा समजला की नळी भिंतीत घुसते. म्हणून शिकणाऱ्याला आधी ओटीपोटाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीवर सराव देतात. अमेरिकेत तर या सरावासाठी पपई वापरतात. तिचा आकार आणि आतली पोकळी गर्भाशयाशी बरीच जुळते. हत्यार हाती देण्याआधी निर्जीव वस्तूवर हात बसवण्याची रीत भारताला नवी नाही. सुश्रुतसंहितेत भोपळ्यासारख्या फळांवर छेद घ्यायचा सराव सांगितला आहे. त्याच ग्रंथात अडकलेला मृत गर्भ काढताना टोकदार वृद्धिपत्र शस्त्र टाळून गोल टोकाचे मंडलाग्र शस्त्र वापरावे, कारण टोकाने बाईला इजा होईल, असा इशाराही आहे.

पुढचे धडे क्रमाने येतात. गर्भाशयाच्या मुखाभोवती बधिर करणारे इंजेक्शन, आत जाणाऱ्या नळीच्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ न देणे, आठवड्यांच्या मानाने नळीची जाडी निवडणे. काम पूर्ण झाले हे कसे ओळखायचे, तर नळीत गुलाबी फेस येतो, आतली भिंत खरखरीत लागते आणि गर्भाशय नळीभोवती आवळते. शेवटी बाहेर आलेला भाग पाण्यात धरून प्रकाशात पाहायचा. त्यात गर्भाचे तंतू दिसले नाहीत तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नलिकेत असू शकतो, आणि तो फुटला तर बाईच्या जिवाला धोका. हे पाहण्याचा कंटाळा करू नये, हे शिकवणाऱ्याने पुन्हा पुन्हा बजावायचे असते.

अडचण होती ती नियमांनी मागितलेल्या पंचवीस केसेस मिळण्याची. प्रशिक्षण केंद्रे बहुतेक शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत होती. तिथे येणाऱ्या केसेसवर पहिला हक्क पदव्युत्तर रेसिडेंटचा असे, आणि ग्रामीण रुग्णालयातून आलेला वैद्यकीय अधिकारी रांगेत मागे राही. परतल्यावर त्याच्या रुग्णालयात साधनसामग्री नसली किंवा त्याची बदली झाली, तर शिकलेले तसेच राही.

२००२ मध्ये भारतात मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला मान्यता मिळाली आणि मिसोप्रोस्टॉलसोबत ती दिली जाऊ लागली. आता शिकवायचे ते हातांपेक्षा निर्णयाचे होते: किती आठवडे झाले, गर्भ नलिकेत तर नाही ना, रक्तस्राव किती झाला म्हणजे रुग्णालयात यायचे, परत तपासणीला कधी बोलवायचे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाने २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला. त्यांतले ८१ टक्के गोळ्यांनी झाले; एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर घेतलेल्या गोळ्यांनी. म्हणजे नियमांनी ज्या डॉक्टरांना तयार केले, त्यांच्यापर्यंत बहुसंख्य बायका पोचल्याच नाहीत; त्या औषधाच्या दुकानात गेल्या.

कोणाला शिकवायचे, हा वाद यातूनच तापला. बिहार आणि झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासांत प्रशिक्षित परिचारिकांनी सिरिंजने केलेले गर्भपात डॉक्टरांइतकेच सुरक्षित आढळले. गोळ्यांच्या बाबतीत आयुर्वेदिक डॉक्टरांविषयीही असेच निष्कर्ष आले. २०१४ मध्ये केंद्राने मांडलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना मुभा होती. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि ती तरतूद गळाली. पुरावा समोर असताना ती सोडून दिली गेली, याचे मोल ज्या जिल्ह्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ नाही तिथल्या बायका मोजत आहेत.

लिंगनिवडीविरुद्धच्या कायद्याचाही प्रशिक्षणावर परिणाम झाला. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये सर्वांत आधी केला आणि १९९४ मध्ये तो देशभर आला. त्याचा रोख गर्भलिंग तपासणीवर आहे, गर्भपातावर नाही. तरी छापे आणि तपासण्यांच्या भीतीने अनेक डॉक्टर बारा आठवड्यांनंतरची केस घेणे टाळू लागले, आणि वरिष्ठ जे करत नाहीत ते रेसिडेंटला शिकायला मिळत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात गर्भपाताच्या पद्धती व कायद्याचे ज्ञान आणि नकली प्रसंग उभा करून संमती घेण्याचा सराव एकाच घटकात आहेत. लिंगनिवडीविरुद्धचा कायदाही तिथेच शिकवला जातो. दोन कायद्यांतला फरक विद्यार्थ्याच्या मनात पक्का व्हायला हीच जागा आहे.

२०२१च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे केले, काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे दिला. त्या वर्षीच्या नियमांनी गोळ्यांसाठी वेगळी पात्रताही घातली: नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या देण्यासाठी स्त्रीरोग-प्रसूती विभागातला तीन महिन्यांचा अनुभव, किंवा देखरेखीखाली स्वतः हाताळलेल्या दहा केसेस. बारा आठवड्यांपर्यंतच्या शस्त्रक्रियेसाठी पंचवीस आणि पाचची जुनी अट कायम राहिली.