धान्याचे भाव आणि काळाचें चक्र

गुढीपाडव्याला कडुनिंबाचीं पानें खाऊन झालीं म्हणजे पंचांग ऐकण्याची आपली जुनी चाल आहे. यंदा मेघाधिपति कोण, सस्याधिपति कोण, हें उपाध्याय सांगतात. पण ऐकणाऱ्याचा कान एकाच गोष्टीकडे असतो: धान्य स्वस्त होणार कीं महाग? या प्रश्नाचें उत्तर आकाशांत शोधण्याचा प्रघात प्राचीन आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धान्याच्या भावांचा विचार केलेला आहे. गुरूची राशिचक्रांतील एक फेरी सुमारें १२ वर्षांची. अशा पांच फेऱ्या मिळून ६० संवत्सरें. तेव्हां संवत्सर परत आलें म्हणजे त्याच्या मागोमाग सुकाळ-दुष्काळही परत यावयाचे, असा हा तर्क.

श्रोतेहो, हा तर्क केवळ आपलाच आहे असें नाहीं. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें १८०१ सालीं इंग्लंडांतील गव्हाच्या जुन्या भावांचा संबंध सूर्यावरील डागांशीं जोडला. १८७६-७८ च्या दुष्काळांत दक्षिण हिंदुस्थान होरपळला, तेव्हां हंटर या अधिकाऱ्यानें मद्रासच्या पावसाचे आंकडे मांडून असें प्रतिपादन केलें कीं, सुमारें ११ वर्षांनीं हे डाग कमी होतात तेव्हां पाऊसही कमी पडतो. जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें तर १८७८ मध्यें विलायतेंतील व्यापारी अरिष्टांचें मूळही याच डागांत शोधलें.

आतां हीं चक्रें बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबादला, लावून पाहूं. दख्खनच्या स्मरणांत राहिलेले मोठे दुष्काळ घ्या. परंपरेनें बारा वर्षांचा मानलेला दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ चा. त्यानंतर १६३०, १७९१, १८७६, १८९६, १८९९ आणि १९७२. शेवटच्या चार दुष्काळांतील अंतरें पाहा: २० वर्षें, ३ वर्षें, ७३ वर्षें. अकरा, बारा कीं साठ, कोणतेंच माप येथें बसत नाहीं. प्रशांत महासागराचें पाणी तापतें तेव्हां आपला पाऊस बहुधा दगा देतो, हें आज कळलें आहे. १८७७, १८९९, १९७२ आणि २०१५ हीं तशींच वर्षें होत. पण तें तापणेंही कधीं दोन वर्षांनीं, कधीं सात वर्षांनीं.

मग भावांत लाटा दिसतात त्या कशाच्या? याचें उत्तर आपल्या पेवांत आहे. कठीण मुरमांत खोदलेल्या पेवांत ज्वारी कित्येक वर्षें टिके. म्हणजे कोणत्याही सालचा भाव त्या एका सालच्या पिकावर ठरत नसे. मागील वर्षांची शिल्लकही त्यांत मिळे. स्लुत्स्की या रशियन पंडितानें १९२७ मध्यें दाखवून दिलें कीं, सोडतींत यदृच्छेनें निघालेले आंकडे असे एकमेकांत मिळवीत गेलें, तरी त्यांतून चढउताराच्या लाटा उमटतात. लाट खरी असते, परंतु तिच्यामागें चक्र असतेंच असें नाहीं.

शिवाय भाव पावसाबरोबर वाटेवरही अवलंबून. लमाणांच्या बैलांवरून धान्य जाई तोंवर एका परगण्यांत सुकाळ आणि शेजारीं महागाई असे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्यें बार्शीस आणि १९११ मध्यें लातुरास पोंचली. हें लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होतें. आगगाडी आल्यावर येथील ज्वारीचा भाव दूरच्या बाजारांशीं बांधला गेला. ही गोष्ट कोणत्या ग्रहाच्या कुंडलींत पाहावी?

एक चक्र मात्र निःसंशय खरें आहे, आणि तें एका वर्षाचें. माघ-फाल्गुनांत रब्बीची ज्वारी खळ्यावर येते आणि भाव उतरतो. श्रावण-भाद्रपदांत घरोघरचें धान्य सरतें आणि भाव चढतो. शहरांत आपण उन्हाळ्यांत वर्षाची बेगमी करतों ती याच जाणिवेनें. लहान शेतकऱ्यालाही हें पाठ असतें. परंतु सालारजंगाच्या सुधारणांनंतर निजामी राज्यांत सारा रोख भरावयाचा, त्यांत सावकाराचें देणें. म्हणून तो खळ्यावरच विकी आणि श्रावणांत तेंच धान्य चढ्या भावानें घेई. त्याच्यापाशीं ज्ञान होतें, पण थांबण्याची ऐपत नव्हती. तेव्हां भविष्य जाणणें आणि त्याचा लाभ होणें यांत केवढें अंतर!

हें अंतर तोडावयाचें तें कोठारानें. १९९०-९१ पासून महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेंत बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवून त्यावर कर्ज मिळण्याची सोय झाली, ती याच विचारानें. शंभर वर्षांनंतरचा भाव सांगणारा भविष्यवेत्ता शेतकऱ्याला मिळाला नाहीं तरी चालेल. फाल्गुनापासून श्रावणापर्यंत थांबण्याचें बळ त्याला मिळालें पाहिजे.