रझांचा बिंदू कोणाचा?

वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर, शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात, हिंदू आणि मुस्लिम दोन्ही भाविक येतात. ही परंपरा कोणाची, असा प्रश्न तिथे सहसा पडत नाही. सय्यद हैदर रझांच्या (१९२२–२०१६) अमूर्त चित्रांपुढे मात्र तो पडतो: मुस्लिम घरातील या चित्रकाराकडे बिंदू आला कुठून?

तो आला शाळेतून. मंडला जिल्ह्यात, चंचल रझांचे मन स्थिरावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढला होता. पुढे नागपूर व मुंबई येथील कलाशिक्षणानंतर १९५० साली ते फ्रान्सला गेले. तिथे कीर्ती लाभली, तरी आपल्या चित्रांत आपला देश कुठे आहे, ही बोच राहिली. सत्तरच्या दशकातील भारतभेटींनंतर राजस्थानी लघुचित्रांचे तप्त रंग आणि तो विसरलेला ठिपका कॅनव्हासवर आले. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, निळा हे रंग त्यांनी पंचमहाभूतांशी जोडले. कोरियाच्या परंपरेतही हेच पाच रंग पाच दिशांचे मानले जातात. रंग सर्वांचेच, अर्थ मात्र ज्याचा त्याने मिळवायचा. रझांनी तो दूरदेशी राहून मिळवला. त्यांचे दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. ती कबर आणि तो बिंदू, दोन्ही त्यांचेच होते.