कुंडीतलं आणि डब्यातलं

तालमीतनं घाम पुसत आलं की थंडाई, घरी मटण शिजलं की अळणी. आमच्या बोरगावात खुराकाची ही जुनी रीत. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, चार मिरी टाकून कुंडीत घोटायचे. हे काम आम्हा पोरांचं. वस्ताद वाटण दोन बोटांत चोळून बघत. खरखरीत लागलं की बोलत नसत, नुसते कुंडीकडं बघत. दांडा परत हातात. अळणी म्हणजे तिखट पडायच्या आधी काढून ठेवलेलं मटणाचं पाणी. जैन घरांतली पोरं त्याला शिवत नसत, त्यांची सगळी भिस्त दूध-बदामावर.

गेल्या साली भाच्यानं हाफ मॅरेथॉनच्या आठ दिवस आधी क्रिएटिनच्या, म्हणजे ताकदीसाठी घ्यायच्या पुडीचा डबा आणला आणि मला ती कुंडी आठवली. हे द्रव्य १८३२ साली फ्रान्सच्या शेव्हरलला सापडलं ते मांसाच्या अर्कात, म्हणजे अळणीतच म्हणा ना! बदामात ते नाहीच, दुधात नावापुरतं. पुढं १८४७ मध्ये लीबिगनं नोंदवलं, की शिकारीत पळून पळून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात ते पिंजऱ्यातल्या कोल्ह्याच्या दहापट भरलं.

पळण्यात आमचा मुलूख मागं नव्हता. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकमधलं आजवरचं सगळ्यांत लांब. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, नंबर एकोणिसावा. स्नायूत क्रिएटिन फॉस्फेटची पुंजी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ते १९२७ च्या सुमारास उजेडात आणणाऱ्यांत हार्वर्डला फिस्क यांच्याबरोबर राबणारे आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. ही पुंजी जोरात झटका दिला की आठ-दहा सेकंदांत आटते. पट काढायला तेवढी पुरते; एका लयीत एकवीस किलोमीटर ओढायला कशी पुरावी? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर पूड सगळीकडं पसरली, पण पुढच्याच वर्षी स्वीडिश संशोधकांनी पळणाऱ्यांना ती देऊन चढउतारावर सहा किलोमीटर पळवलं, तर वजन वाढून ते उलट मागं पडले.

भाच्याचं तेच झालं. रोज वीस ग्रॅम, आठवडाभर. स्नायूंत पाणी धरलं, वजन दीड किलोनं वर. चढावर पाय उचलेनात.

"मामा, डब्यावर तर ताकद लिवलंय."

"मैदानाच्या तोंडावर नवा खुराक कुणी काढतं का रे?"

आता तो रोज तीनच ग्रॅम घेतो, तेही वजनं उचलायच्या आणि चढावर झटक्यानं पळायच्या महिन्यांत. शर्यतीच्या महिनाभर आधी बंद. मटण न खाणाऱ्या त्याच्या जोडीदाराला या पुडीचा गुण जास्त यायचा, कारण त्याच्या स्नायूंत साठा मुळात कमी. मूत्रपिंडाचं दुखणं असेल त्यानं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

परवा वस्ताद घरी आले होते. भाच्याच्या पेल्यात तळाला पूड राहिली होती. त्यांनी ती बोटांत चोळून बघितली.

"खरखरीत हाय," म्हणाले, "घोट परत."