पऱ्हाटीचा धूर आणि कापसाची रज

राजे, लढाया आणि तह यांची नोंद इतिहासकारांनी पुष्कळ केली. पण माणसे कोणत्या हवेत श्वास घेत होती, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा न लिहिलेला इतिहास एका पिकाभोवती फिरतो. ते पीक म्हणजे कापूस. वेचलेला कापूस जिनात गेला की त्याची रज मजुराच्या छातीत जाते. आणि हंगाम संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी चुलीत गेली की तिचा धूर घरच्या बाईच्या छातीत जातो. छातीचे रोग हा केवळ दवाखान्याचा विषय नव्हे. तो शेताचा, कारखान्याचा आणि स्वयंपाकघराचाही विषय आहे, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

ही गोष्ट नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाची कारणे सांगताना धूळ, धूर, वारा, थंड जागा आणि थंड पाणी यांचा उल्लेख आला आहे. श्वासाचे पाच प्रकार तेथे मानले असून त्यांतील तमकश्वासाचे वर्णन आपल्या आजच्या दम्याशी बरेच जुळते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे दिसले होते ते आपल्या डोळ्यांआड कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

सामान्य बोलीत आपण सगळ्यालाच दमा म्हणतो. पण रोग निरनिराळे आहेत. खऱ्या दम्यात श्वासनलिका सुजतात व आकसतात. औषधाने त्या पुन्हा मोकळ्या होतात. विडीच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे झिजलेले फुप्फुस मात्र पूर्ववत होत नाही. त्याची झीज थांबविणे एवढेच आपल्या हाती असते. क्षय हा जंतूचा रोग, तो योग्य औषधाने बरा होतो. न्यूमोनिया लहान मुलांवर झडप घालतो आणि धुरकट घरात त्याचे फावते. या सर्वांना एकाच खोकल्याच्या औषधाची बाटली दिली, तर एकाचीही चिकित्सा झाली असे होत नाही.

प्रथम रजेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या निघाल्या, जागोजाग जिन आणि प्रेस उभे राहिले. त्याआधी, १७०० साली, इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहून अळशीचे व भांगेचे धागे पिंजणाऱ्यांच्या खोकल्याकडे लक्ष वेधले होते. पुढे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत तोच रोग कापूस पिंजणाऱ्यांत आढळला. त्यास बिसिनोसिस असे नाव आहे. त्याची खूण मोठी विलक्षण : आठवड्याची सुट्टी संपवून मजूर कामावर येतो त्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी जरा बरे वाटते. वर्षे उलटली की तो त्रास रोजचा होतो. दोष शुद्ध धाग्याचा नाही. कापसाबरोबर आलेला पाल्याचा चुरा आणि त्यावरच्या जंतूंचे विष यांचा आहे. म्हणून यावरचे पहिले औषध म्हणजे रज ओढून घेणारी यंत्रे आणि रोग्यास वेळीच दुसरे काम देणे. जिनाचा हंगाम काही महिन्यांचा असतो. तो संपला की मजूर आपापल्या गावी पांगतो, आणि त्याचा खोकला सहसा कोणाच्याच वहीत चढत नाही.

क्षयाचा इतिहास त्या मानाने उजेडात आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू जगापुढे मांडला. तरीही औषधासाठी आणखी साठ-एक वर्षे वाट पाहावी लागली. तोवर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हाच उपाय होता, आणि तो ज्याला परवडे त्यालाच मिळे. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. गरिबाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. पण घराची हवा तीच राहिली. आपल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेतही या जंतूचा अभ्यास झाला आहे. तेथे सातशेहून अधिक आरोग्यसेवकांची तपासणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांत क्षयजंतूच्या संसर्गाची खूण आढळली. संसर्ग म्हणजे रोग नव्हे. बहुतेकांत तो आयुष्यभर निद्रिस्त राहतो. तरीही कोंदट, बंद खोलीत एकत्र श्वास घेण्याची किंमत काय असते, हे त्यावरून कळते.

आता धुराची कथा. आणि येथे वर्ध्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व घर त्यासाठी दिले, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी नाव पडले, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी कामाची धुरा वाहिली. घाणी, हातकागद, गूळ या उद्योगांबरोबर चुलीकडेही तेथे लक्ष गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढे आलेली 'मगन चूल' हे त्याचे फळ. रचना साधी होती : मातीच्या एकाच बांधणीत भांड्यांसाठी एकापुढे एक छिद्रे, आतून जाणारी उष्णतेची वाट, आणि शेवटी धूर छपराबाहेर नेणारे धुराडे. सरपण वाचावे आणि बाईचे डोळे व छाती वाचावी, असा दुहेरी हेतू त्यात होता. १९५३ साली हैदराबादेतून एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या स्वयंपाकघरासंबंधी पुस्तिका काढली. या विचाराचे एक मूळ आपल्या मातीतले आहे, याचा अभिमान वाटावा असे हे काम आहे.

वैद्यकाला मात्र पुरावा हवा होता. तो १९५०च्या दशकात डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीत दिला. फुप्फुसाच्या जुन्या रोगाने हृदयाची उजवी बाजू थकलेल्या रोग्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने दिसल्या. त्यांतील बहुतेकींनी विडी ओढली नव्हती. चुलीचा धूर हेच कारण त्यांनी पुढे केले. पुढे १९८०च्या दशकात कर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीजवळच्या बाईला किती धूर मिळतो ते मोजले, आणि जगाचे डोळे उघडले.

मग प्रश्न सुटला का? नाही. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, आणि २००२ साली तो थांबला. पुढे ओडिशात केलेल्या मोठ्या पाहणीतही असे दिसले की, पहिल्या वर्षी कमी झालेला धूर पुढे फारसा कमी राहिला नाही. कारण चुलींची निगा घेतली गेली नाही. धुराड्यात काजळी साचते, ते कोणी साफ करावयाचे? घरातले पातेले छिद्रावर नीट बसत नसेल तर फटीतून धूर बाहेर येणारच. भाकरीला लागणारी आंच आणि डाळीला लागणारी आंच एक नाही. चूल कुणा तज्ज्ञाने बनविली. ती जाळणारीला कोणी विचारले नाही. मगनवाडीचा विचार खरा होता, पण चूल ही केवळ वस्तू नसून घरातली एक रीत आहे, हे विसरले गेले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरिबांच्या दारी नेली, हे मोठेच पाऊल. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील १०० घरांपैकी सुमारे ४३ घरांतच स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरले जात होते. पैशाने भरावयाच्या सिलिंडरापेक्षा बांधावरची पऱ्हाटी फुकट आहे. ही फुकटची वस्तू किती महाग पडते, हे घरातल्या बाईच्या खोकल्याकडे पाहून समजावे.

चिकित्सेविषयी दोन शब्द. दम्याचा पंप एकदा लागला की सुटत नाही, अशी भीती आपल्याकडे आहे. ती निराधार होय. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून ते गोळीपेक्षा फार थोड्या प्रमाणात पुरते. क्षयाची औषधे बरे वाटू लागताच सोडू नयेत. अर्ध्यावर सोडलेले औषध रोगापेक्षा घातक ठरते, कारण जंतू त्यास पचवून बसतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. विडी सोडण्यास उशीर असा कधीच होत नाही.

परंतु कोणत्याही औषधाआधी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो डॉक्टरांनी, शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, घरच्या पुरुषांनीही विचारावा : ही बाई दिवसातून किती वेळ, कोणत्या धुरात बसते? आपल्या जिल्ह्याने चूल सुधारण्याचा विचार देशाला दिला. त्याच जिल्ह्यातील स्वयंपाकघरात आजही धूर कोंडत असेल, तर तो विचार आपल्या घरी अजून पोहोचावयाचा आहे, एवढेच म्हणावे लागेल.