मुलाम्याच्या फ्रेंच घड्याळाची कुळकथा

सोनेरी मुलाम्याच्या फ्रेंच घड्याळात तबकडीपेक्षा आधी नजरेत भरतो तो अपोलोचा रथ, धनुर्धारी डायना किंवा क्यूपिड-सायकीची जोडी. शेकोटीवरच्या फळीवर मांडायची ही घड्याळे अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फोफावली. हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) इथल्या उत्खननांनी ग्रीक-रोमन देवदेवतांचे वेड युरोपभर पसरवले आणि नेपोलियनच्या काळात ते कळसाला पोहोचले.

एका घड्याळामागे अनेक हात असत. ओतारी ब्राँझची मूर्ती ओती, छिन्नीवाला तिचे केस आणि चुण्या कोरी, घड्याळजी यंत्र बसवी. तबकडीवर नाव बहुधा घड्याळजीचे, त्यामुळे मूर्ती घडवणारे कित्येकदा निनावीच राहिले. पिएर-फिलिप थोमिर (1751–1843) आणि क्लोद गाल (1759–1815) यांच्यासारखे नामवंत ब्राँझकार थोडे.

सर्वांत जीवघेणे काम मुलाम्याचे. तापवलेल्या पाऱ्यात सोने विरघळवून लोण्यासारखा लगदा करत, तो ब्राँझवर माखून विस्तवावर धरत. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. मग काही भाग अकीकाने घोटून त्याला जिल्हई देत, काही मुद्दाम निस्तेज ठेवत. मूर्तीला उठाव येतो तो या भेदामुळे. पण उडालेला पारा कारागिराच्या छातीत शिरे. हात थरथरत, दात पडत आणि आयुष्य लवकर आटोपे. स्वतः ब्राँझकार असलेल्या आंद्रे-आंत्वान राव्रियो यांना हे सलत असावे. 1814 मध्ये ते वारले, तेव्हा या वाफेपासून कारागिरांना वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी 3,000 फ्रँकांचे बक्षीस त्यांनी मृत्युपत्रात ठेवले होते. धूर धुराड्यातून वर ओढून घेणारी भट्टी रचून रसायनज्ञ दार्से यांनी ते 1818 मध्ये मिळवले. पुढे 1840 मध्ये इंग्लंडच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची पद्धत मागे पडत गेली. जस्ताच्या स्वस्त मूर्तीही आल्या. त्यांत जुनी नजाकत नाही.

अशी घड्याळे हैदराबादेतही पाहायला मिळतात. तिथे तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान (1889–1949) यांनी देशोदेशीच्या वस्तू जमवल्या. त्यांतून 1951 मध्ये उभ्या राहिलेल्या सालारजंग संग्रहालयाच्या घड्याळ-दालनात फ्रेंच घड्याळेही आहेत. प्रेक्षकांची गर्दी मात्र ठोके देणाऱ्या बाहुलीच्या कुक अँड केल्व्ही घड्याळापुढे होते. ती ओसरल्यावर फ्रेंच घड्याळांपुढेही थोडे थांबावे.