'टू' म्हणजे आपला 'ला'

कुठल्या क्रियापदापुढे 'टू' आणि कुठल्यापुढे 'आयएनजी', याच्या याद्या आपण सगळ्यांनीच घोकल्यात. मराठी मीडियमवाल्यांनी जरा जास्तच! पण त्यामागचा इतिहास शाळेत कुणी सांगत नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'पिणे' म्हणजे 'ड्रिंकन' आणि 'प्यायला' म्हणजे 'टो ड्रिंकन्ने'. यातला 'टो' म्हणजे 'च्याकडे', आणि शेवटचा 'ए' चक्क चतुर्थीचा! थोडक्यात, आपला 'ला'च. पुढे, विशेषतः १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या काळात, प्रत्यय झिजत गेले आणि 'टू' तेवढा उरला.

'आयएनजी'चं घराणं वेगळं. 'उंग' किंवा 'इंग' लावून क्रियापदाचं नाम करायचे. आपलं 'पिणं', 'शिकणं' तसंच.

म्हणूनच 'स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबलो, आणि 'स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा पिणं सोडलं. मराठीत यात कधी गोंधळ होतो का आपला? नाही ना!

मग मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' का? कारण इथला 'टू' अजून जुनाच, 'च्याकडे'वाला. 'भेटण्याकडे डोळे लावून बसलोय', म्हणजे पुढे नामच हवं.

अर्थात 'एन्जॉय'ला 'आयएनजी' आणि 'होप'ला 'टू', असल्या जोड्या पाठच कराव्या लागतात. असो. पण कॉलवर एखादा 'टू' चुकला आणि कुणी हसलं, तर मनाला लावून घेऊ नका. ही घडी बसवायला खुद्द इंग्रजीलाही काही शतकं लागलीत!